साक्षीदाराचे मौन

वकिली करणाऱ्या माणसाचा मौनाशी जितका संबंध येतो, तितका एखाद्या मुनीचाही येत नसेल. साक्षीदार बोलू लागला म्हणजे त्याचे बोलणे पारखून घेण्याची साधने कायद्याने आमच्या हाती दिलेली आहेत. उलटतपासणी आहे, त्याचा पूर्वीचा जबाब आहे, कागदपत्रे आहेत. परंतु साक्षीदार जेव्हा "मी काही पाहिले नाही" एवढेच म्हणून गप्प बसतो, तेव्हा खरी पंचाईत होते. ह्या वाक्याचे दोन अर्थ संभवतात. पाहण्यासारखे काही घडलेच नाही, हा एक. आणि घडले खरे, पण त्या वेळी माझी पाठ तिकडे होती, हा दुसरा. शब्द तेच, मुद्रा तीच. आणि कित्येकदा उभा दावा ह्या दोन अर्थांमधल्या चिंचोळ्या फटीत अडकून पडलेला असतो.

मनुष्य साक्षीदार असेल तर ही फट बुजविण्याचे काही उपाय आम्हांस ठाऊक असतात. तो कोठे उभा होता, दिवा होता की नव्हता, त्याला दूरचे दिसते की नाही, असे प्रश्न विचारता येतात. पण अलीकडे न्यायालयाच्या पायऱ्या यंत्रेही चढू लागली आहेत. त्यांच्या नोंदी पुराव्यात दाखल होतात आणि पुष्कळांची अशी भाबडी समजूत असते की, यंत्र खोटे बोलत नाही, सबब त्याचे मौनही खरेच असले पाहिजे. ही समजूत किती तपासून घ्यावयास हवी हे आम्ही एका प्रकरणात जवळून पाहिले. संबंधितांच्या संमतीने आणि नावे-गावे वगळून ते येथे सांगत आहोत. कारण त्यातून निघणारा बोध केवळ वकिलांपुरता नाही. आज देवस्थानापासून दुग्धालयापर्यंत ज्याच्या दारात एखादे यंत्र येऊन बसले आहे, त्या प्रत्येकाचा त्याच्याशी संबंध आहे.

आमच्या एका अशिलाचे गोव्याच्या किनाऱ्यालगत मासळीचे लहानसे शीतगृह आहे. त्यात एक नियंत्रक यंत्र बसविलेले होते. आतील उष्णतामान मोजावे, ते उणे 18 अंश सेल्सियसच्या वर चढू लागले की कॉम्प्रेसर चालू करावा, आणि मोजलेला आकडा पडद्यावर दाखवावा, एवढे त्याचे काम. एका शनिवारी रात्री कुलूप लागले ते सोमवारी सकाळी उघडले. आत गेल्याबरोबर नाकाने जे सांगावयाचे ते सांगितले. सुरमईचा सगळा साठा वाया गेला होता. कॉम्प्रेसर थंड पडला होता. आणि पडद्यावर मात्र उणे 18 हा आकडा अगदी निश्चिंतपणे झळकत होता.

नुकसानभरपाईची नोटीस गेली. यंत्र पुरविणाऱ्याचे उत्तर आले ते कायद्याच्या दृष्टीने मोठे सुबक होते. यंत्राच्या नोंदवहीत त्या दोन रात्रींत दोषाची एकही नोंद नाही, सबब यंत्र निर्दोष होते, सबब दार उघडे राहिले असले पाहिजे, असा त्याचा ओघ होता. दार उघडे ठेवल्याचा ठपका अर्थातच रात्रीच्या पहारेकऱ्यावर येत होता. वीस वर्षे इमानाने चाकरी केलेला तो मनुष्य आमच्यासमोर बसून हुंदके देऊ लागला, तेव्हा हे प्रकरण पैशापुरते राहिले नाही.

अशिलाचा एक भाचा संगणकाच्या क्षेत्रात काम करतो. त्याने ते उत्तर वाचले आणि शांतपणे म्हणाला, "वकीलबाब, यंत्राने काही लिहिले नाही हे ठीक. पण त्याला लिहायला सांगितले होते का, हे आधी पाहू या."

आमच्या धंद्यात ज्याला मर्मावर बोट ठेवणे म्हणतात ते ह्या मुलाने एका वाक्यात केले होते. "म्हणजे न लिहिण्याचीही आज्ञा देता येते की काय?" आम्ही विचारले.

"न लिहिण्याचीच काय, न पाहण्याचीही देता येते," तो म्हणाला, आणि त्यापुढील काही संध्याकाळी त्याने आम्हांस जे शिकविले त्याचा सारांश असा.

असल्या यंत्राच्या पोटात एक छोटा संगणक असतो आणि त्या संगणकाचा सगळा कारभार एक कार्यप्रणाली चालविते. आपल्या ह्या यंत्रात लिनक्स नावाची प्रणाली होती. तिचा आरंभ 1991 साली फिनलंडमधील हेलसिंकी येथे लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने केला आणि आज जगभरच्या अक्षरशः असंख्य यंत्रांत ती नांदते आहे. तिच्या अंतर्भागाला कर्नल म्हणतात. हा शब्द ऐकून प्रथम आमच्या डोळ्यांपुढे मिशीवाला लष्करी अधिकारी उभा राहिला. पण हा कर्नल निराळा. आपण गोवेकर ज्याला काजूगर म्हणतो त्यातला गर, तोच हा शब्द. टरफल, साल, सगळे सोलून झाल्यावर उरतो तो.

दुसरी उपमा द्यावयाची तर ती देवळाची. सभामंडपात कोणीही यावे, बसावे, भजन करावे; पण गाभाऱ्याच्या उंबरठ्याच्या आत काय करावयाचे ते पुजाऱ्यानेच. बाहेरच्याने आपले नारळ-फुले पुजाऱ्याच्या हाती द्यावयाची आणि तीर्थप्रसाद त्याच्याच हातून घ्यावयाचा. संगणकातही सामान्य कार्यक्रम सभामंडपात वावरतात. स्मृती हवी, तबकडीवर काही लिहावयाचे आहे, तापमापकाचा आकडा पाहिजे, असे काही झाले की ते उंबरठ्याशी येऊन मागणी करतात आणि कर्नल ती पुरी करतो. सभामंडपात एखाद्याला भोवळ आली तर बाकीच्यांचे भजन चालू राहू शकते. गाभाऱ्यातच गोंधळ झाला तर सगळ्या देवळाचा कारभार थांबतो. म्हणूनच कर्नलमधील चूक शोधणे हे काम जितके निकडीचे तितकेच अवघड. कारण इतरांवर नजर ठेवणारा जो, त्याच्यावर नजर कोणी ठेवावयाची, असा हा पेच आहे.

त्यावरची तोड अशी की, कर्नलच्या अंगातच काही पहारेकरी ठेवण्याची सोय त्याच्या कर्त्यांनी करून ठेवलेली आहे. कर्नल तयार करण्यापूर्वी त्याची मांडणी ठरवावी लागते. हजारो पर्याय असतात. त्यांपैकी कोणते घ्यावयाचे आणि कोणते गाळावयाचे हे एका फाइलीत लिहिले जाते आणि त्या बरहुकूम कर्नल बांधला जातो. हे पर्याय पडद्यावर यादीच्या रूपाने उलगडून दाखविणारी सोय आहे, आणि त्या यादीत शेवटी शेवटी 'कर्नल हॅकिंग' असे एक दालन आहे. नाव ऐकून आम्ही दचकलो. तेव्हा त्या मुलाने खुलासा केला की, ह्या लोकांच्या जुन्या बोलीत हॅकिंग म्हणजे घरफोडी नव्हे, कारागिराची हौशी खटपट. दोषशोधनाचे बहुतेक सगळे पर्याय ह्या दालनात ठेवलेले असतात.

त्यांतील काही पहारेकऱ्यांची ओळख करून देणे आवश्यक आहे. पहिला म्हणजे खुद्द नोंदवही. कर्नल आपले निरोप स्मृतीतील एका गोलाकार वहीत लिहितो. निरोपांच्या आठ पायऱ्या असतात, 0 म्हणजे हाहाकार आणि 7 म्हणजे केवळ दोषशोधकाच्या उपयोगाची बारीकसारीक माहिती. ही वही किती मोठी असावी हाही एक पर्यायच आहे. 17 हा आकडा घातला तर तिच्यात 128 किलोबाइट मावतात, आणि ती भरली की नवा मजकूर जुन्या मजकुरावर चढतो. शिवाय वही स्मृतीत असल्याने वीज गेली की कोरी. निरोप मागे उरावयाचा असेल तर यंत्र पुन्हा सुरू झाल्यावरही वाचता येईल अशा जागी तो राखून ठेवण्याचा पर्याय वेगळा निवडावा लागतो.

दुसरा पहारेकरी अडकलेल्या कामाचा. एखादे काम कशाची तरी वाट पाहत असे खोळंबले की त्याला हलवितादेखील येत नाही, आणि ह्या स्थितीत 120 सेकंद उलटले, तर हा पहारेकरी नोंदवहीत ओळ लिहितो: अमुक काम 120 सेकंदांहून अधिक अडकले आहे. ते कोठे अडकले त्याचा मागही तो देतो. तिसरा पहारेकरी कुलपांचा. कर्नलमध्ये एकाच वस्तूवर दोघांचे हात एकदम पडू नयेत म्हणून कुलपे असतात. आता समजा, कचेरीत एका कारकुनाने दप्तरखान्याची किल्ली घेतली आणि तो शिक्क्याची वाट पाहत बसला. दुसऱ्याने शिक्का घेतला आणि तो किल्लीची वाट पाहत बसला. दोघेही निवृत्तीपर्यंत बसून राहतील. हा पेच प्रत्यक्ष पडण्यासाठी दोघांची वेळ नेमकी जुळावी लागते, आणि ती वर्षातून एखादेच वेळी जुळत असेल. पण 2006 साली कर्नलमध्ये दाखल झालेला हा पहारेकरी वेळ जुळण्याची वाट पाहत नाही. सोमवारी एकाने आधी किल्ली मग शिक्का घेतला आणि गुरुवारी दुसऱ्याने आधी शिक्का मग किल्ली घेतली, एवढे दिसले की तो पेच संभवतो असा इशारा देतो. मौज अशी की, पहिला इशारा दिल्यावर तो स्वतः काम थांबवितो. पुढची साक्ष हवी असेल तर यंत्र पुन्हा सुरू करावे लागते.

चौथा स्मृतीचा. मोकळी केलेली जागा कोणी पुन्हा वापरतो आहे काय, दिलेल्या हद्दीबाहेर कोणी लिहितो आहे काय, हे तो प्रत्येक पावलाला तपासतो. 2015 पासून कर्नलमध्ये असलेली ही तपासणी, तिच्या मूळ प्रकारात, प्रत्येक 8 बाइटांमागे 1 बाइट आपल्या टिपणांसाठी राखून ठेवते, म्हणजे स्मृतीचा आठवा हिस्सा तिच्याच चोपडीत जातो. आणि यंत्राची चालही चांगलीच मंदावते. ह्या खर्चामुळे तो पहारेकरी प्रयोगशाळेतच शोभतो. म्हणून 2021 साली त्याचा एक हलका भाऊबंद आला. तो सगळ्यांना तपासीत नाही. अधूनमधून एखादे वाटप उचलून तेवढ्यावर नजर ठेवतो. जत्रेत प्रत्येकाची पिशवी उघडून पाहणे अशक्य असले तरी दर शंभरातील एकाची पाहता येते, तसे हे. अशी असंख्य यंत्रे दीर्घकाळ चालली की कोठे ना कोठे चोर सापडतोच.

ह्या सगळ्यावरून एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. जागरूकता फुकट मिळत नाही. प्रत्येक पहारेकरी थोडी जागा खातो, थोडा वेळ खातो. सगळेच ठेवले तर यंत्र मुंगीच्या पावलांनी चालेल; एकही ठेवला नाही तर ते वाऱ्यासारखे धावेल आणि कोसळेल तेव्हा का कोसळले हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. म्हणून कोणता पहारेकरी ठेवावा आणि कोणता काढावा हा निर्णय कोणाला तरी घ्यावाच लागतो. हा निर्णय यंत्र घेत नाही. तो मनुष्य घेतो. आणि मनुष्याने घेतलेल्या निर्णयाचा जाब विचारता येतो, हे वकिलाला निराळे सांगावयास नको.

आता आपल्या यंत्राकडे वळू. त्याच्या कर्नलमध्ये एक उपकारक पर्याय चालू राहिलेला होता: ज्या फाइलीवरून कर्नल बांधला तिची प्रत त्याच्याच पोटात ठेवण्याचा. त्या मुलाने ती प्रत बाहेर काढली, आणि सगळी मंडळी पाहत असता एका ओळीवर बोट ठेवले. त्या ओळीचे शब्द होते, 'कॉन्फिग डिटेक्ट हंग टास्क इज नॉट सेट'. अडकलेले काम ओळखणारा पहारेकरी नेमलेला नाही, असा तिचा अर्थ. येथे ह्या फाइलीचा एक विलक्षण शिरस्ता आम्हांस कळला. विचारलेला पर्याय नाकारला तर तो निमूटपणे गळून जात नाही. तो नाकारला गेला, अशी स्वतंत्र ओळ फाइलीत राहते. न्यायालयाच्या रोजनाम्यात अर्ज मंजूर झाल्याची नोंद असते तशीच नामंजूर झाल्याचीही असते, त्यातलाच हा प्रकार.

त्या एका ओळीने पुरविणाऱ्याच्या उत्तरातील पहिले 'सबब' कोसळले. नोंदवहीत दोषाची नोंद नाही हे खरे होते. पण त्या जातीचा दोष पाहण्यासाठी कोणी नेमलेलाच नव्हता. साक्षीदाराची पाठ तिकडे होती, एवढेच नव्हे, तर त्याला पाठ करून बसावयास सांगितलेले होते.

परंतु पाठ होती एवढ्यावरून मागे काही घडले असे सिद्ध होत नाही. हे आमच्या अशिलाला समजावून सांगताना आम्हांस बराच घाम गाळावा लागला. पुढचे पाऊल त्या मुलाने टाकले. लिनक्स ज्या परवान्याखाली वाटला जातो, त्या जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीच्या 3 ऱ्या कलमाप्रमाणे कर्नल दुसऱ्याच्या हाती देणाऱ्याने त्याचा मूळ मजकूर आणि तो बांधण्याची साधनेही मागणाऱ्यास द्यावी लागतात. आम्ही त्या कलमावर बोट ठेवून मागणी केली, मजकूर आला. त्याच जातीचे दुसरे यंत्र बाजारातून घेऊन त्याने त्यात तोच कर्नल, पण अडकलेल्या कामाचा आणि कुलपांचा असे दोन पहारेकरी नेमून, बांधून बसविला. दुसऱ्याच दिवशी दुपारी कुलपांच्या पहारेकऱ्याने इशारा दिला. तापमापकाचे वाचन करणारे काम आणि तो आकडा दूर पाठविणारे काम ही दोन्ही तीच दोन कुलपे उलटसुलट क्रमाने घेत होती. पाचव्या रात्री यंत्र प्रत्यक्ष अडकले. पडद्यावर शेवटचा आकडा तसाच राहिला, कॉम्प्रेसरला कोणी आज्ञा देईना, आणि 120 सेकंद होताच नोंदवहीत ती ओळ उमटली.

ह्या अहवालाच्या माथ्यावर एक अक्षर होते, इंग्रजी 'ओ'. तो डागाचा शिक्का असे त्या मुलाने सांगितले. कर्नलच्या मूळ झाडाबाहेरचा एखादा भाग त्यात येऊन बसला की कर्नल स्वतःवर असा शिक्का मारून घेतो. आपल्या यंत्रातला तापमापकाचा चालक असा बाहेरून आलेला होता. पुढे तो भाग काढून टाकला तरी शिक्का जात नाही. यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत राहतो. आम्हांस आजीच्या सोवळ्याची आठवण झाली. एकदा ओवळ्याचा स्पर्श झाला की शिवणारा दूर गेला म्हणून भागत नसे. पुन्हा स्नान करावे लागे. फरक इतकाच की, ह्या शिक्क्यात कोणाची हेटाळणी नाही. वाचणाऱ्याने हा अहवाल कोणत्या परिस्थितीत लिहिला गेला ते ध्यानात घेऊन वाचावा, एवढीच ती प्रामाणिक सूचना असते. मनुष्य साक्षीदारांच्या कपाळीही असे एखादे अक्षर उमटत असते तर आमचा निम्मा धंदा बसला असता.

प्रतिपक्षाची बाजू पोकळ होती असे मात्र वाचकांनी समजू नये. त्यांनी दोन मुद्दे मांडले आणि दोन्ही विचार करण्याजोगे होते. पहिला असा की, तुम्ही पहारेकरी नेमून बांधलेला कर्नल हा आमचा कर्नल नव्हे. पहाऱ्याने त्याची चाल बदलली असेल. हे तत्त्वतः खरे आहे. पहाऱ्यामुळे वेळेचे गणित बदलते, आणि कधी दोष पहारा असताना लपतो, कधी नसताना. पण कुलपांच्या पहारेकऱ्याचा इशारा वेळेवर अवलंबून नव्हता. तो कुलपे घेण्याच्या क्रमाविषयी होता, आणि तो क्रम त्यांच्याच मजकुरात जसाच्या तसा लिहिलेला होता.

दुसरा मुद्दा अधिक वजनाचा. दोषशोधनाची दारे विकलेल्या यंत्रात उघडी ठेवणे सुरक्षित नाही, असे त्यांचे म्हणणे. कर्नलच्या निरोपांत त्याच्या अंतर्भागातील पत्ते येऊ शकतात. कोसळण्याच्या क्षणी स्मृतीचे संपूर्ण चित्र काढून ठेवले तर त्यात कोणाचे गुप्त शब्दही सापडतील. दूरच्या तारेवरून कर्नलला थांबवून आत डोकावण्याची जी सोय आहे ती चोराच्याही उपयोगी पडेल. ह्यात खोटे काही नाही. खुद्द कर्नलमध्येही ही जाणीव आहे: सामान्य वापरकर्त्याला नोंदवही वाचता येऊ नये असा पर्याय आहे, आणि 2019 पासून गाभाऱ्यात डोकावण्याच्या अनेक वाटा एकदम बंद करणारे कडेकोट कुलूपही आहे. अशिलाची गुपिते जपणे हे ज्यांचे व्रत त्या आम्हां वकिलांना हे पटावयास वेळ लागू नये. पण नोंद करणे आणि ती चव्हाट्यावर मांडणे ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत. देवस्थानाची कीर्द कुलपात असते. तिची किल्ली वाटेल त्याला मिळत नाही. म्हणून कीर्द लिहूच नये, असे कोणताही महाजन म्हणणार नाही.

ह्या वादात आम्ही एक जुने उदाहरण दिले, ते येथेही देण्याजोगे आहे. 4 जुलै 1997 रोजी अमेरिकेचे पाथफाइंडर हे यान मंगळावर उतरले. काही दिवसांनी त्यातील संगणक मधूनमधून स्वतःच पुन्हा सुरू होऊ लागला. त्यात व्हीएक्सवर्क्स नावाची कार्यप्रणाली होती. हवामानाची माहिती गोळा करणारे एक कनिष्ठ काम एक कुलूप धरून बसे. अत्यंत निकडीचे एक वरिष्ठ काम त्या कुलपासाठी खोळंबे. आणि मधल्या दर्जाची कामे कनिष्ठाला पुढे सरकूच देत नसत. परिणामी वरिष्ठ काम वेळेत होत नसे, आणि ते झाले नाही हे पाहून प्रणाली सगळे नव्याने सुरू करी. कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत यानाची प्रतिकृती होती. तिच्यावर माग ठेवण्याची सोय चालू करून तज्ज्ञांनी तोच प्रसंग पुन्हा घडवून आणला आणि कारण शोधले. कुलूप धरणाऱ्या कनिष्ठाला तेवढ्यापुरता वरिष्ठाचा दर्जा देण्याचा एक पर्याय त्या प्रणालीत होता आणि तो बंद होता. पृथ्वीवरून दुरुस्ती पाठवून तो चालू करण्यात आला, आणि यान सुधारले.

आम्हांस ह्यातील अधिक महत्त्वाची वाटलेली गोष्ट त्या यानाच्या प्रणालीचे प्रमुख ग्लेन रीव्ह्ज ह्यांनी त्याच वर्षाच्या अखेरीस नमूद केलेली आहे. दोषशोधनाच्या सोयी यानात चुकून राहिल्या नव्हत्या, बुद्ध्या ठेवल्या होत्या; कारण जे तपासले तेच उडवावे आणि जे उडवावयाचे तेच तपासावे, असा त्या मंडळींचा दंडक होता. कोट्यवधी मैलांवर, जेथे कोणी पाना घेऊन जाणार नाही तेथेही, त्यांनी पहारेकऱ्यांची जागा राखून ठेवली होती. मग किनाऱ्यावरच्या एका शीतगृहात ती न ठेवण्याचे कारण काय, एवढाच आमचा प्रश्न होता.

प्रकरण न्यायालयात जाण्यापूर्वीच मिटले. नुकसानीचा मोठा भाग मिळाला, आणि पहारेकऱ्यावरचा आक्षेप लेखी मागे घेण्यात आला. हा कागद त्या मनुष्याने चौकट करून घरी लावला आहे. पण ते मिटले म्हणून आमच्या मनातील प्रश्न मिटला नाही. यंत्राच्या नोंदी पुराव्यात कशा घ्याव्या ह्याविषयी कायदा आता बराच दक्ष झालेला आहे. जालन्याच्या निवडणुकीच्या वादातून निघालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल ह्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली, मूळ यंत्रच समोर ठेवलेले नसेल तर प्रमाणपत्रावाचून अशी नोंद ग्राह्य नाही, असे ठरविले. 1 जुलै 2024 पासून अमलात असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या 63 व्या कलमात हे प्रमाणपत्र आहेच, आणि नोंदीत फेरफार झालेला नाही हे दाखविणारा हॅश आकडाही त्यात द्यावा लागतो. यंत्र नीट चालू होते काय, हेही विचारले जाते. पण हे यंत्र स्वतःचा दोष पाहण्यास नेमलेले होते काय, हे कोणी विचारीत नाही.

जवळ असलेला पुरावा जो दडवितो त्याच्याविरुद्ध अनुमान काढण्याची मुभा त्याच अधिनियमाच्या 119 व्या कलमाखालील दृष्टांताने न्यायालयास दिलेली आहे. परंतु जो पुरावा जन्मालाच येऊ दिला नाही, तो दडविला असे कसे म्हणावे? आमच्या मते पुढील काळात ह्या फटीतून पुष्कळ अन्याय निसटून जाण्याचा संभव आहे. कायदा सुधारेल तेव्हा सुधारेल. तोवर करार करणाऱ्याने आपली काळजी आपण घ्यावी हे बरे.

त्या प्रकरणानंतर यंत्रखरेदीचा कोणताही करार आमच्याकडे तपासावयास आला की आम्ही त्यात चार ओळी घालतो. यंत्राच्या कर्नलची मांडणी ठरविणाऱ्या फाइलीची प्रत विकत घेणाऱ्यास द्यावी. अडकलेल्या कामाचा पहारा चालू ठेवावा, आणि काम अडकल्यास यंत्राने आपण होऊन पुन्हा सुरू व्हावे. कोसळण्यापूर्वीचे निरोप वीज गेल्यावरही टिकतील अशा जागी राहावे. आणि ती नोंद वाचण्याची किल्ली दोन्ही पक्षांकडे असावी. पुरविणाऱ्यांपैकी काही कुरकुरतात, काही लगेच मान्य करतात. जो लगेच मान्य करतो त्याचे यंत्र घ्यावे, असा सल्ला आम्ही अशिलाला देतो. आणि अद्याप तरी तो सल्ला कोणाला महाग पडलेला नाही.